१४८ बाय ९४

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये माझा बीपी आला १४८ बाय ९४. रिपोर्टच्या पीडीएफमध्ये तो आकडा लाल अक्षरात होता. मी काय केलं? पीडीएफ बंद केली आणि 'हेल्थ' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिली. त्या फोल्डरमध्ये अजून तीन वर्षांचे रिपोर्ट आहेत आणि ते कुणी उघडून पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. मी धरून.

आता माझी बाजू पण ऐका. त्या दिवशी सकाळी संत तुकाराम नगरहून हिंजवडीला बाईकवर गेलो होतो. काळेवाडी फाटा, वाकडचा पूल, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पोचायला उशीर झाला म्हणून तीन जिने धावत चढलो. वर कॉन्फरन्स रूममध्ये चेकअपवाल्यांनी टेबल मांडलं होतं, मागे पंधरा जणांची रांग. फुल शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात मांडीवर लोंबकळत होता, आणि मशीन फुगत असताना मी मागच्या माणसाला कालच्या बिल्डबद्दल सांगत होतो. रक्त तपासणीसाठी उपाशी होतो म्हणून वाटेत चहाच्या ऐवजी एक सिगरेट झाली होती (आता सोडलीय, तो वेगळा लेख). त्यामुळे मी ठरवलं की हे रीडिंग चुकीचं आहे.

गंमत म्हणजे माझं म्हणणं बरोबरच होतं. बीपी मोजण्याआधी अर्धा तास सिगरेट, चहा, व्यायाम नको. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला टेकवलेला. लघवी लागलेली नसावी. आणि मुख्य म्हणजे तोंड बंद. यातलं मी एकही पाळलं नव्हतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी फक्त हात कुठे ठेवला यावर एक प्रयोग केला. हात टेबलावर ठेवून जे रीडिंग येतं त्यापेक्षा हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ४ ने आणि नुसता बाजूला लोंबकळत सोडला तर साडेसहाने जास्त येतो. फिजिक्स बारावीचंच आहे: पट्टा हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली गेला की रक्ताच्या त्या स्तंभाच्या वजनाने साधारण ८ मिलीमीटरचा फरक पडतो. पट्टा लहान असला तर त्याहून वाईट. ज्याला एक्स्ट्रा लार्ज पट्टा लागतो त्याला नेहमीचा पट्टा लावला तर वरचा आकडा सरासरी १९ ते २० ने वाढून येतो, असं २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं. जिमवाल्या आणि वडापाववाल्या, दोन्ही प्रकारच्या जाड दंडांच्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.

म्हणजे रीडिंग खराब होतं, हे खरं. पण त्यातून मी जो निष्कर्ष काढला तो एखाद्या फ्रेशरने काढला असता तर मी त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता. प्रॉडक्शनच्या लॉगमध्ये एरर दिसली, आणि लॉगिंग नीट नाही म्हणून आपण म्हणालो "सिस्टीम ठीक आहे". अरे, लॉगिंग नीट नाही याचा अर्थ सिस्टीम ठीक आहे की नाही हे तुला माहीत नाही, एवढाच होतो! नीट मोजायला हवं होतं. मी मोजलंच नाही. दोन वर्षं.

माझ्या मते आपल्या पिढीची बीपीबाबतची मुख्य चूक हीच आहे, आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीची चूक तिच्या बरोबर उलटी आहे. आपण एक वाईट रीडिंग आलं की ते 'टेन्शन' म्हणून उडवून लावतो. ते एक चांगलं रीडिंग आलं की गोळी बंद करतात.

हे दुसरं वाक्य मी हवेत लिहिलेलं नाही. बाबांचं वय ६७. भोसरी एमआयडीसीत टर्नर म्हणून बत्तीस वर्षं काढली, नऊ वर्षांपासून बीपीची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू. गेल्या दिवाळीत मी मोठ्या कौतुकाने त्यांना बीपीचं डिजिटल मशीन आणून दिलं. पहिल्या आठवड्यात ११८ बाय ७६, १२२ बाय ७८ असे आकडे येऊ लागले. बाबा खूश. "बघ, उतरला. आता उगाच कशाला रोज विष पोटात घालायचं?" मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून "हं" म्हणालो. त्या "हं" चा अर्थ त्यांनी परवानगी असा घेतला. आईलाही सांगितलं नाही, गोळीचं पाकीट तसंच कपाटात.

आणि त्यातली आणखी एक खोच बघा. अ‍ॅम्लोडिपिनचा असर गोळी थांबवल्यावर एका दिवसात जात नाही, तो हळूहळू ओसरतो. त्यामुळे गोळी बंद केल्यावर पुढचे काही दिवस मशीन छान आकडे दाखवत राहिलं. सर्व्हर बंद केलाय, पण पेज कॅशमधून येतंय, तसं. बाबांची खात्री पटली आणि त्यांनी मोजणंही सोडलं.

महिन्याभराने आई-बाबा गावाला जायला निघाले. वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर बाबांच्या हातातली पिशवी गळून पडली. आई म्हणाली, "अहो, काय झालं?" तर उत्तर आलं ते नुसतं बोबडं. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं आणि बाबा म्हणायला लागले की ऊन लागलं असेल, गाडी चुकेल. आईने ऐकलं नाही, मला फोन केला, रिक्षा केली. हॉस्पिटलात बीपी १९२ बाय १०८. डॉक्टरांनी सांगितलं, टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोड्या वेळासाठी अडला आणि सुटला. यानंतरच्या काही दिवसांत पूर्ण झटका यायचा धोका सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे गाडीत बसून गावाला गेले असते तर काय, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही. मग त्यांनी विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतलीत?" बाबा माझ्याकडे बघायला लागले.

गोळी बंद केली म्हणूनच हे झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मला जे कळायचं ते कळलं. ११८ हा आकडा 'बीपी बरा झाला' असं सांगत नव्हता, 'गोळी काम करतेय' असं सांगत होता. आकडा एकच, अर्थ दोन, आणि मशीनवर अर्थ छापून येत नाही.

आपली भाषाही इथे थोडी दगा देते. "तुला बीपी आहे का?" असं आपण विचारतो. बीपी प्रत्येकाला असतो हो, नसेल तर प्रॉब्लेम आहे :-) चक्कर आली की "बीपी लो झाला", रागावलं की "बीपी वाढवू नकोस". आणि हायपरटेन्शन या शब्दात टेन्शन दिसल्यामुळे सगळ्यांना वाटतं की हा टेन्शनवाल्यांचा रोग, मी तर बिनधास्त माणूस. त्यातलं टेन्शन मनाचं नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरच्या ताणाचं आहे. बहुतेकांना काहीही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, गरगरत नाही. म्हणून तर मोजावं लागतं.

थोडं मशीनबद्दल, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडला. बीपी 'मिलीमीटर पारा' मध्ये मोजतात, कारण १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचायची पद्धत काढली. १९०५ मध्ये कोरोत्कोव या रशियन सर्जनने त्यात स्टेथोस्कोप आणला: पट्टा सैल करत जायचं, टकटक ऐकू यायला लागली तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा. वरचा म्हणजे हृदय आवळतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला. आपल्या घरच्या मशीनला मात्र कान नाहीत. ते पट्ट्यातल्या हवेतली थरथर मोजतं. थरथर सगळ्यात मोठी होते ती धमनीतल्या सरासरी दाबाच्या आसपास. तिथून वरचा आणि खालचा आकडा हे मशीन गणिताने काढतं. आणि हे गणित प्रत्येक कंपनीचं आपापलं, क्लोज्ड सोर्स! म्हणजे स्क्रीनवरचे दोन ठसठशीत आकडे हे मोजमाप कमी आणि अनुमान जास्त.

अनुमान आहे म्हणून फेकून द्यायचं नाही. मशीन पास करायची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे: किमान ८५ माणसांवर तपासायचं, प्रशिक्षित माणसाने मोजलेल्या आकड्याशी सरासरी फरक ५ च्या आत, आणि फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ८ च्या आत. स्टॅटिस्टिक्स आठवत असेल तर लगेच कळेल की पास झालेल्या मशीनवरही एखाददुसरं रीडिंग १० ने इकडेतिकडे होणं अगदी शक्य आहे. त्यात हृदयाचे ठोके अनियमित असतील तर अनुमान आणखी ढिलं. त्यामुळे मशीन घेताना ऑफर बघू नका, मॉडेल या कसोटीला उतरलंय का ते बघा (स्ट्राइड बीपी नावाच्या साइटवर यादी असते), दंडाचं घ्या, मनगटाचं नको, आणि दंडाचा घेर मोजून त्या मापाचा पट्टा घ्या.

मग खरा बीपी किती, हे कळणार कसं? सरासरीने. दुसरा उपाय नाही. घरी मोजायची जी पद्धत तज्ज्ञ सांगतात ती अशी: सात दिवस, रोज सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोन रीडिंग, एका मिनिटाच्या अंतराने, आणि तसंच संध्याकाळी दोन. पहिला दिवस टाकून द्यायचा, उरलेल्या चोवीस रीडिंगची सरासरी. अगदी पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून बघायचं, ज्या हातावर जास्त येतो तो हात पुढे कायम धरायचा. दोन हातांत सतत १० पेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

बाबांच्या प्रकारानंतर मी हे स्वतःवर केलं. माझं सगळ्यात चांगलं रीडिंग १२४ बाय ८०, सगळ्यात वाईट १५४ बाय ९७. एकाच माणसाचे, एकाच आठवड्यातले. यातलं पहिलं सांगून मी पार्टी करू शकलो असतो आणि दुसरं सांगून सुट्टी काढू शकलो असतो. सरासरी आली १३९ बाय ८९.

आता मी खूश झालो, कारण १४० बाय ९० च्या आत! एका मार्काने पास! पण दवाखान्यातली मर्यादा १४० बाय ९०, घरी मोजलं तर ती १३५ बाय ८५ धरतात, कारण घरी माणूस जरा निवांत असतो. काहींचा बीपी फक्त डॉक्टरांसमोर वाढतो, आणि काहींचं उलटं, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी-ऑफिसात जास्त. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो चेकअपमध्ये पकडलाच जात नाही. म्हणजे मी नापास.

आणि मुळात ही पास-नापासची भाषाच मला आता खटकते. अमेरिकेने २०१७ मध्ये रेषा १३० बाय ८० वर आणली. एका रात्रीत तिथले कोट्यवधी लोक कागदोपत्री 'पेशंट' झाले, त्यांच्या धमन्यांना काही पत्ताही लागला नाही. युरोपने २०२४ मध्ये आजाराची रेषा १४० बाय ९० लाच ठेवली, पण १२० बाय ७० पासून वरच्यांना 'वाढलेला' असं नवं नाव दिलं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात १४० बाय ९० चालतं. हे ऐकून काकालोक म्हणतात, "डॉक्टरांचंच एकमत नाही, सगळा औषध कंपन्यांचा धंदा." धंदा असेलही, पण मतभेद रेषेबद्दल आहे, वक्राबद्दल नाही. २००२ मध्ये दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून जो अभ्यास आला त्यात दिसलं की चाळीस ते सत्तर वयात ११५ बाय ७५ पासून पुढे, वरचा आकडा दर २० ने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मध्ये कुठे पायरी नाही, सरळ चढ आहे. अलर्टचा थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा हा पॉलिसीचा प्रश्न. १३९ आणि १४१ मध्ये धमनीला काही फरक कळत नाही.

आमच्या सोसायटीत अजून एक सूत्र फिरतं: वय अधिक शंभर. साठीच्या माणसाला १६० म्हणजे नॉर्मल. वयाबरोबर बीपी वाढतो हे दिसतं खरं, पण नेहमी दिसतं म्हणजे चांगलं असतं असं नाही. केसही जातात आणि मोतीबिंदूही होतो. या समजुतीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिकेचा अध्यक्ष होता. रूझवेल्टचा बीपी मार्च १९४४ मध्ये १८६ बाय १०८ होता, आणि त्याचे खासगी डॉक्टर लोकांना सांगत होते की वयाच्या मानाने तब्येत उत्तम. १२ एप्रिल १९४५ ला ३०० बाय १९० वर मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय ६३. तेव्हा धड औषधंही नव्हती, हे मान्य. आज बीपीची साधी जेनेरिक गोळी एका कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते.

कुणाला वाटेल हा वयस्कांचा विषय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांचा बीपी जास्त होता किंवा त्यांची गोळी चालू होती. आपल्या फ्लोअरवर मोजून बघा, चौथा माणूस कोण ते.

आपलं सरकार काही करत नाही म्हणणाऱ्यांसाठी (मीही त्यातलाच) एक गोष्ट. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह सुरू झालं, पाच राज्यांत. महाराष्ट्रात सुरुवातीचे जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. पुणे-मुंबई नाही! कल्पना अगदी साधी: ठरलेली दोन-तीन औषधं ठरलेल्या क्रमाने, प्राथमिक केंद्रात फुकट, महिन्याची गोळी एकदम, आणि प्रत्येक पेशंटची नोंद. नोंदीसाठी महाराष्ट्रात 'सिंपल' नावाचं अ‍ॅप वापरलं, जे ओपन सोर्स आहे. मी कोड उघडून बघितला, पण कोडपेक्षा त्यांच्या डॅशबोर्डने मी जास्त चाट पडलो. त्यात पेशंटचे तीन भाग असतात: बीपी आटोक्यात असलेले, नसलेले, आणि परत आलेच नाहीत ते. न आलेले लोक हिशोबातून गाळत नाहीत. आमच्या कंपनीच्या चेकअपमध्ये मी दोन वर्षं याच तिसऱ्या खान्यात होतो आणि एचआरच्या स्लाइडवर '९६ टक्के कर्मचाऱ्यांची तपासणी पूर्ण' असं लिहिलं होतं. तपासणी पूर्ण! म्हणजे टेस्ट केस चालवली, फेल झाली, आणि चालवल्याबद्दल टाळ्या. कंपन्यांनी चेकअप बंद करावेत असं मी म्हणत नाही. पण लाल आकडा आलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी "परत मोजलंत का?" एवढा एक फोन जात नसेल तर तो सगळा खर्च पीडीएफ बनवण्यासाठी होतो.

माझं काय झालं? डॉक्टरांनी तीन महिने दिले. मीठ (डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचा, लोणचं, पापड, फरसाण आणि ऑफिसच्या कँटीनची भाजी हा सगळा हिशोब त्यातच), सिगरेट, वजन, रोज चालणं. आता ऑफिसहून आल्यावर मेट्रो स्टेशनपासून एचए कॉलनीच्या बाजूने तीन किलोमीटर चालतो. सरासरी १३२ बाय ८५ पर्यंत उतरली. बाबांचा इतिहास बघता छोट्या डोसची गोळी सुरू केली. "एकदा गोळी लागली की लागलीच," असं मलाही चार जणांनी ऐकवलं. चष्मा लागला तेव्हा यातल्या कुणीच असं म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सरासरीची वाट न बघता करायची. १८० बाय १२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय गळणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल. लक्षणं आपोआप गेली तरीसुद्धा. यातलं काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजायचं, आणि तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, मनाने जास्तीची गोळी घ्यायची नाही.

बाबांची गोळी अर्थातच परत सुरू झाली, सोबत आणखी एक वाढली. आता ते इमानाने वहीत बीपी लिहितात. परवा वही चाळली तर सगळे आकडे १३० बाय ८०, १२० बाय ८०, १३० बाय ८०. मला शंका आली म्हणून मशीनची मेमरी बघितली. त्यात १३७ बाय ८४, १२६ बाय ७९, १३८ बाय ८३.

म्हटलं, "बाबा, हे काय?"

"अरे, शून्यावर आणून लिहिलं. बत्तीस वर्षं मायक्रॉन मोजले, आता रिटायर झालोय मी."